यवतेश्वर आपल्या वेगानं चढा

वाचक मैत्रिणीचं पत्र:

सप्रेम नमस्कार. मी कराडची, वय ४७, शाळेत शिक्षिका. गेली काही वर्षं सायकल चालवते. रोज पहाटे १५-२० किलोमीटर, रविवारी ४०-५०, तेही बहुतेक हायवेच्या सर्व्हिस रोडनं. सायकल साधी हायब्रिड आहे. साताऱ्याच्या एका ग्रुपनं जानेवारीत मोठी राइड ठरवली आहे. सातारा, यवतेश्वर, कास, बामणोली, तिथून सायकली लाँचमध्ये टाकून तापोळा, मग महाबळेश्वर, केळघर घाट उतरून मेढा आणि परत सातारा. साधारण १२० किलोमीटर. पठारावरचा आणि मेढ्यापुढचा काही भाग मुद्दाम कच्च्या रस्त्यानं घेणार आहेत. मला फार जावंसं वाटतंय. पण बाकीचे बहुतेक तिशीतले. बैठकीत एकानं सगळ्यांसमोर सांगितलं, ‘ज्यांना झेपणार नाही त्यांनी येऊ नये, कुणासाठी थांबणं होणार नाही.’ तेव्हापासून डोक्यात तेच आहे. मी सगळ्यात मागे राहणार हे नक्की. कच्च्या उताराची भीती वाटते. नवी ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीची, घ्यावी का? घरचे म्हणतात, या वयात हे कशाला. आणि विचारायला संकोच वाटतो, पण वाटेत बाईमाणसानं लघवीला जायचं कुठे? हो कळवू की नको?

उत्तर:

ताई, नमस्कार.

बैठकीतल्या त्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तुमच्या निम्म्या शंका त्यातूनच आल्या आहेत. ‘थांबणं होणार नाही’ हे या मार्गावर कुणालाच म्हणता येत नाही. बामणोलीला पाणी आडवं येतं. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ओलांडायला लाँच ठरवावी लागते, ती सगळे आले की सुटते, आणि सायकली चढवायला-उतरवायला दहा हात लागतात. कासवरून जो भन्नाट उतरत आला तोही धक्क्यावर बसून राहणार आणि तुम्ही पोचलात की त्याच लाँचमध्ये चढणार. म्हणजे पहिल्या टप्प्यात मागे पडलात तरी तो उशीर तिथे बराचसा भरून निघतो. हे मनात पक्कं ठेवा, कारण पहिल्या दोन तासांत तुम्हाला याची फार गरज लागणार आहे.

आता मार्गाची उंची बघा. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, कासचं पठार १२०० च्या आसपास. गावाबाहेर पडल्या पडल्या यवतेश्वरचा घाट सुरू होतो, पाय अजून गरमही झालेले नसतात. तिथून कासपर्यंत चढ-उतार करत ही सगळी उंची मिळवायची आणि मग बामणोलीला जाताना ती जवळजवळ पूर्ण सोडून द्यायची, कारण शिवसागर काठोकाठ भरला तरी त्याची पातळी ६५९ मीटर. पाणी ओलांडलं की तापोळ्याहून महाबळेश्वर, म्हणजे साडेतेराशे मीटर. सत्तावीसेक किलोमीटरांत सातशे मीटर वर. तेही दुपारच्या उन्हात, पायांत एक घाट आधीच जिरलेला असताना, लाँचमध्ये बसून अंग थंड पडल्यावर.

राइडचा निकाल तापोळ्यानंतर लागतो. यवतेश्वरला कोण पुढे होतं याच्याशी त्याचा संबंध असतो, पण उलटा. घाटाच्या पायथ्याशी सगळे ताजे असतात, पुढचे जोरात निघतात, आणि मागे राहायचं नाही म्हणून मधले आणि शेवटचे त्यांच्या मागे ओढले जातात. हा अर्धा तास अंगाला फार महाग पडतो. धाप लागेल इतक्या जोरात पायडल मारलं की शरीर मुख्यतः स्नायूंत साठवलेली साखर जाळतं. तो साठा मोजका असतो. हळू चढलं तर चरबीही बरीच वापरली जाते आणि साखर दुपारसाठी उरते. साठा संपला की माणूस नुसता दमत नाही. हातपाय थरथरतात, डोकं चालत नाही, चिडचिड होते, आणि मग खाल्लेलं अंगी लागायलाही वेळ जातो. ग्रुपला खरंच अडकवून ठेवतो तो असा माणूस. यवतेश्वरला जो वीस मिनिटं मागे होता, पण महाबळेश्वरपर्यंत त्याच चालीनं चढत राहिला, त्याच्यामुळे कुणाचंही काही बिघडत नाही.

म्हणून पहिल्या घाटात एकच कसोटी लावा. तुम्ही शिक्षिका आहात, सतराचा पाढा न थांबता म्हणून बघा. जमला तर वेग बरोबर. ‘सतरा चोक’ला धाप लागली तर गिअर हलका टाका आणि सावकाश व्हा, मग पुढे कुणीही दिसेनासं होवो. गिअर चढ लागायच्या आधी बदला. पूर्ण जोर देत असताना बदलला तर साखळी अडकते, कधी तुटतेसुद्धा.

आता वेळेचा हिशोब. तो ग्रुपनं केलाय का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुमच्या पत्रातल्या अंतरांवरून मी तुमच्या चालीनं मांडून बघितला. सातारा ते कास पावणेतीन तास. तिथून बामणोली, कच्चा भाग धरून, एक-सव्वा तास. लाँचची वाट, सायकली चढवणं, प्रवास आणि उतरवणं मिळून दीड तास. तापोळा ते महाबळेश्वर सव्वातीन तास. जेवण पाऊण तास. महाबळेश्वर ते सातारा केळघर-मेढ्यावरून पंचावन्नेक किलोमीटर, बरंचसं उताराचं, तरी तीन तास. बेरीज साडेबारा तासांच्या घरात जाते. पहाटे सहाला निघालात तर संध्याकाळी साडेसहा, आणि जानेवारीत सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पंक्चर, वाट चुकणं, लाँचचा उशीर यात धरलेलंच नाही. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणारे सांगतील की २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरूनही ताशी १५ च्या आसपासच वेग लागतो, मग १२० ला एवढा वेळ कसा? ते आकडे प्रामुख्यानं डांबरी रस्त्याचे आहेत. मुरूम, फुफाटा आणि दोन मोठे चढ आले की ती तुलना सोडून द्यायची.

याचा अर्थ जाऊ नका असा नाही. याचा अर्थ, ग्रुपच्या म्होरक्याला फोन करा आणि आत्ताच सांगा, ‘मी चढाला ताशी आठ-नऊनं जाते.’ मोकळेपणानं, माफी न मागता. मग विचारा: सगळे एकत्र कुठे कुठे थांबणार? सर्वांत मागे अनुभवी माणूस कोण असणार आणि तो शेवटपर्यंत मागेच राहणार का? बॅकअप गाडी असेल तर ती पाण्यापलीकडे कशी आणि किती वाजता पोचणार? हा प्रश्न नक्की विचारा, कारण सायकली लाँचनं पलीकडे जातील पण गाडीचं वेगळं बघावं लागतं, आणि लोक ते शेवटच्या दिवसापर्यंत विसरतात. लाँच आधीच बोलून ठेवलीय का? महाबळेश्वरला पोचायला किती वाजले तर पुढचा भाग सोडायचा? बामणोली-तापोळा पट्ट्यात मोबाइलच्या नेटवर्कचा भरवसा धरू नये, म्हणून हे सगळं आधी ठरलेलं हवं, वाटेत फोन करून नाही.

चांगला म्होरक्या या प्रश्नांनी खूश होतो. त्याच्याकडे उत्तरं तयार असतात आणि नसली तर तो ती शोधतो. बैठकीतल्या त्या एका माणसाच्या बोलण्यावरून निर्णय घेऊ नका, या माणसाच्या उत्तरावरून घ्या. त्याचंही उत्तर ‘बघू तेव्हा, होईल सगळं’ असं असेल तर मात्र माझा स्पष्ट सल्ला, या ग्रुपबरोबर जाऊ नका. शंभराहून जास्त किलोमीटर, दोन घाट आणि कच्चा रस्ता असताना मागच्या माणसाची सोय न लावणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं, मग नेणारा कितीही दमदार सायकलस्वार असो. हाच मार्ग तुम्ही दोन-तीन मैत्रिणींबरोबर, बामणोलीत किंवा तापोळ्यात मुक्काम करून, दोन दिवसांत फार सुंदर करू शकता.

कच्च्या उताराची भीती मला रास्त वाटते. ती घालवायचा उपाय तुमच्या दारात आहे, सर्व्हिस रोडवर नाही. खोडशीच्या बंधाऱ्यापासून निघणाऱ्या कृष्णा कालव्याच्या कडेनं जा. पाटाच्या बाजूचा रस्ता कुठे मुरमाड, कुठे मातीचा, आणि बहुतांशी सपाट. तिथे नुसता हात बसवायचा. मग उसाच्या शेतांमधल्या पाणंदींत शिरा. सध्या तोडणीचे दिवस असतील तर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आणि सांडलेली वाडी, म्हणजे उसाचे शेंडे, असतात, सांभाळून. सायकल हातात सैल धरायला तिथेच येतं. कच्च्या रस्त्यावर पुढचं चाक थोडं इकडेतिकडे सरकणारच, त्याला सरकू द्यायचं. आपण घाबरून हँडल आवळतो आणि पडतो ते बहुतेक त्या आवळण्यामुळे.

उतरताना दोन्ही पायडल आडवे, एका पातळीत ठेवा आणि सीटवरून अंग जरासं उचलून मागे न्या. गुडघे आणि कोपरं मोकळी. बोटं ब्रेकवर कायम. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना वेग कमी करा आणि वळणात ब्रेक शक्यतो सोडा. खडीवर पुढचा ब्रेक एकदम दाबला तर चाक निसटतं, म्हणून मागचा जास्त आणि पुढचा हलका, दोन्ही मिळून. नजर दहा-पंधरा मीटर पुढे. ज्या दगडाकडे बघत राहाल त्याच्यावरच जाल, हे प्रत्येक सायकलवाल्याला एकदा तरी कळतं. फुफाट्यात, म्हणजे घोट्याएवढ्या धुळीत, गिअर एक जड टाकून पायडल चालू ठेवा, थांबलात तर चाक रुतून बसतं. आणि एखादा उतार बघूनच पोटात गोळा आला तर उतरा आणि सायकल हातात धरून चाला. फार तर दोन मिनिटं जातात. यात लाज कसली?

केळघर घाटाची गोष्ट वेगळी, तो डांबरी आहे. तिथे त्रास येतो दमलेल्या हातांचा आणि वाहतुकीचा. सुट्टीच्या दिवशी महाबळेश्वरच्या गाड्या, एसटी, जीप सगळं असतं. वळणावर रस्त्याच्या कडेला माती-वाळू साचलेली असते, तिथे चाक जाऊ देऊ नका. ग्रुपमध्ये उतरताना पुढच्याच्या मागच्या चाकापासून चांगलं अंतर राखा, तीन-चार सायकली मावतील एवढं. त्याच्या चाकाच्या बाजूला आपलं चाक अडकवून चालवणं हे अपघाताचं सरळ आमंत्रण आहे. खड्डा दिसला की ओरडून सांगा, मागून गाडी आली की ओरडून सांगा. शाळेत कमावलेला आवाज इथे कामाला येईल.

ग्रॅव्हल सायकल घेऊ नका. निदान या राइडसाठी नको. अनोळखी सायकलवर १२० किलोमीटर केलेत तर पाठ, मान आणि बैठक तीनही दुखतील. त्याऐवजी दुकानात दाखवून घ्या की तुमच्या फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती रुंद टायर बसतो. ३८ किंवा ४० मिलिमीटरचा, मध्ये गुळगुळीत आणि कडेला थोडी नक्षी असलेला मिळाला तर डांबर आणि मुरूम दोन्हीला चालतो. टायरच्या कडेवर कमीतकमी आणि जास्तीतजास्त हवेचे आकडे छापलेले असतात. पंपवाला सवयीनं टणक भरून देतो, तुम्ही खालच्या आकड्याच्या जवळ ठेवा. खडीवर पकड वाढते आणि मनगटं वाचतात. मात्र त्या आकड्याच्या खाली जाऊ नका, दगडावर आपटून ट्यूब दोन ठिकाणी चिमटून फुटते. ब्रेकचे पॅड नवे टाका. मागच्या गिअरचं सर्वांत मोठं चाक ३२-३४ दात्यांचं नसेल तर बदलून मिळतं का विचारा, तापोळ्यानंतर त्याला दुवा द्याल. दोन जादा ट्यूब, पंप, टायर काढायचे पट्टे आणि पान्यांचा छोटा संच जवळ हवा. मागचं चाक काढून ट्यूब बदलणं घरच्या अंगणात दोनदा करून बघा. ग्रुपमध्ये ज्याला स्वतःचं पंक्चर काढता येतं त्याची चढावरची गती कुणी काढत नाही. सीट आणि बूट मात्र शेवटच्या दोन आठवड्यांत अजिबात बदलू नका.

खाण्याचं थोडक्यात. भूक लागायच्या आधी खायचं, दर पाऊण तासाला काहीतरी. केळं, खजूर, राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याचा लाडू, दुधात भिजवलेली दशमी. दशमी सुकत नाही, खिशात चुरत नाही, आणि गोड असते. बामणोलीच्या धक्क्यावर वाट बघताना नक्की खा, कारण तापोळ्यानंतरचा चढ तुम्ही त्याच खाण्यावर चढणार आहात. तिथे पोट भरून जेवू नका. पोटभर जेवण महाबळेश्वरला.

आणि आता ज्याचा संकोच वाटला तो प्रश्न. तो तुम्ही विचारलात याचा मला खरोखर आनंद झाला, कारण असंख्य बायका याचं उत्तर स्वतःपुरतं शोधतात: पाणीच कमी प्यायचं. कृपा करून हे करू नका. घाटात तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी लागतं. ते तोडलं तर आधी डोकं दुखतं, मग पायात गोळे येतात, आणि नंतर लघवीला जळजळ होते ते वेगळंच. कास परिसरात, बामणोलीला, तापोळ्याला आणि महाबळेश्वरला हॉटेलांमुळे सोय होऊ शकते, पण लाँच पकडायच्या घाईत दहा मिनिटं कुणी देत नाही. म्हणून म्होरक्याला आधीच सांगा की या चार ठिकाणी मला दहा मिनिटं लागतील. शब्द फिरवायची गरज नाही. ग्रुपमध्ये दुसरी बाई येतेय का विचारा, असली तर आधी भेटून घ्या. झाडोऱ्यात जायची वेळ आली तर एक पहाऱ्याला उभी राहते आणि सगळंच सोपं होतं. पाळीची तारीख त्या सुमारास येत असेल तर जे रोज वापरता तेच वापरा, नवं काही त्या दिवशी नको. सायकलची गादीवाली चड्डी आतल्या कपड्याशिवाय घालायची असते. कातडी घासणाऱ्या जागी निघण्यापूर्वी व्हॅसलीन लावा आणि लाँचमध्ये चढायच्या आधी पुन्हा लावा. ही एवढीशी गोष्ट शेवटचे तीस किलोमीटर सुसह्य करते.

घरच्यांना सांगा की वय ४७ हे अडचणीचं वय नाही. एकदा डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घ्या, विशेषतः चढाला छातीत दडपण येत असेल तर टाळू नका. अहवाल चांगला आला की तो घरच्यांच्या हातात द्या.

तुमच्या हातात सहा-सात आठवडे आहेत असं धरते. दर रविवारी अंतर दहा किलोमीटरनं वाढवा, त्यात पाट आणि पाणंद असू द्या, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर एक रविवार हलका ठेवा. त्याहून महत्त्वाचं, एका रविवारी सायकल साताऱ्याला न्या आणि यवतेश्वर-कास करून परत या. कुणाच्याही सोबतीनं, पण ग्रुपच्या नाही. सतराच्या पाढ्याच्या वेगानं. वर पोचल्यावर तुम्हाला कळेल की पाय किती उरलेत. कासला पोचूनही आणखी तासभर चढवेल असं वाटलं तर म्होरक्याला हो कळवा.

हो कळवताना एक गोष्ट त्याच फोनवर सांगून ठेवा: दुपारी साडेतीनपर्यंत महाबळेश्वरला पोचले नाही तर मी तिथेच थांबणार, सायकलसह परतायची माझी सोय मी करून ठेवली आहे. त्यासाठी घरातलं कुणी गाडी घेऊन तिथे येऊ शकतं का बघा. मिस्टरांनाच विचारा, जानेवारीत तिकडे स्ट्रॉबेरी मिळतात. कुणी येणार नसेल तर छोट्या टेम्पोवाल्याचा नंबर आधी मिळवा. आणि साडेतीनच्या आत पोचलात, पाय शाबूत असले, तर केळघर उतरा. पुढचा-मागचा दिवा मात्र दोन्ही बाबतीत चार्ज करून न्या, मेढ्याच्या पुढे अंधार पडायला वेळ लागत नाही.